आकाशकंदील

आकाशकंदील : दिवाळीच्या दिवसांत घराच्या दारावर, गॅलरीत किंवा अंगणातील उंच काठीला टांगला जाणारा कागदी कंदील. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर ताणून चिकटवलेला पातळ रंगीत कागद, खाली झुलणाऱ्या झिरमिळ्या आणि आत दिवा असे त्याचे स्वरूप असते. त्याला आकाशदिवा असेही म्हणतात. एरवी मराठीत ‘कंदील’ म्हटले की रॉकेलचा, काचेचा कंदील डोळ्यांपुढे येतो. दिवाळी जवळ आली की मात्र त्याच शब्दाने सर्वांना आकाशकंदीलच कळतो. ‘कंदील’ हा शब्द मूळ अरबी ‘किंदील’वरून आलेला असून त्याच्याही मागे लॅटिनमधील ‘कांदेला’ हा शब्द आहे. संस्कृत ‘आकाश’ आणि हा दूरवरून आलेला ‘कंदील’ एकत्र येऊन झालेला शब्द आज पूर्णपणे मराठी वाटतो.

या प्रथेचे जुने रूप म्हणजे आकाशदीप. कार्तिक महिन्यात उंच खांबावर तिळाच्या तेलाचा दिवा चढवून तो विष्णूला, दामोदर या त्याच्या नावाने, अर्पण करावा, असे धर्मशास्त्रावरील निबंधग्रंथांत, म्हणजे जुनी वचने विषयवार एकत्र करणाऱ्या ग्रंथांत, सांगितलेले आहे. हा दिवा पितरांना वाट दाखवतो अशीही श्रद्धा आहे. वाराणसीच्या घाटांवर कार्तिकभर उंच बांबूंच्या टोकांना वेताच्या वा बांबूच्या टोपल्यांतून असे दिवे आजही टांगले जातात आणि संध्याकाळी नदीवरून पाहताना ते खरोखरच आकाशात लावल्यासारखे दिसतात. उघड्या ज्योतीला उंचावर वाऱ्यापासून आडोसा लागतोच. टोपलीने जे काम केले तेच महाराष्ट्रात आणि गोव्यात कागदाने केले, आणि आडोसा हाच शोभेचा भाग झाला. बहुतेक घरांत वसुबारस किंवा धनत्रयोदशीला कंदील लागतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत, काही ठिकाणी त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत, राहतो.

घरी करण्याच्या सणाच्या वस्तूंत आकाशकंदिलाला वेगळे स्थान आहे. रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते, मातीचा किल्ला दिवाळीनंतर मोडला जातो, फुलांचे तोरण सुकते. कंदिलाचे मात्र दोन भाग असतात आणि दोघांचे आयुष्य वेगळे असते. कागद एका मोसमाचा असतो. सांगाडा नीट बांधला असेल तर वर्षानुवर्षे टिकतो. जुना कागद ओला करून सोडवायचा, सैल झालेल्या गाठी पुन्हा आवळायच्या आणि नव्या रंगाचा कागद चढवायचा, ही अनेक घरांतील दिवाळीपूर्वीची ठरलेली कामे होती. कंदील विकत न आणता घरी का करावा याचे सर्वांत चांगले उत्तर या सांगाड्यात आहे.

सांगाड्यासाठी बुरुडाकडून आणलेल्या बांबूच्या कामट्या सर्वांत चांगल्या. बांबूची पाठ, म्हणजे बाहेरची गुळगुळीत बाजू, कणखर आणि लवचिक असते. आतला मऊ भाग कोयत्याने तासून काढला की कामटी हलकी होते आणि वाकवली तरी चटकन तुटत नाही. कोकणात मुले लहान कंदिलासाठी नारळाच्या झावळीचे हीर वापरतात. खराट्यातून चार काड्या काढून घेतल्या तरी काम भागते. बांधायला पतंगाचा साधा दोरा पुरतो. चिकटवण्यासाठी पूर्वी सर्रास खळ वापरत : दोन चमचे मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवायचा आणि पांढरेपणा जाऊन तो पारदर्शक दिसू लागला की उतरवायचा. कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालण्याची रीत होती. मोरचूद विषारी असल्याने खळीचे भांडे स्वयंपाकाला पुन्हा घेऊ नये आणि मुले हाताळणार असतील तर ते घालूच नये.

आकार अनेक आहेत : पाच टोकांची चांदणी, षटकोनी, हंडीसारखा गोल, आणि हौशी हातांनी केलेली विमाने, होड्या व मोर. ज्याला सामान्यपणे ‘पारंपरिक’ म्हटले जाते त्या अनेक बाजूंच्या कंदिलाचा एक सोपा प्रकार सारख्या लांबीच्या २४ काड्यांतून होतो. प्रत्येक काडी २२ सेंमी. कापून तिच्या दोन्ही टोकांपासून १ सेंमी.वर खूण करावी, म्हणजे दोन खुणांमध्ये २० सेंमी. अंतर राहते आणि गाठ नेहमी खुणेवरच बसते. प्रथम चार-चार काड्यांचे चार चौकोन बांधून घ्यावेत. ते कोनावर उभे धरावेत, शंकरपाळ्यासारखे, आणि एकाचा उजवा कोन दुसऱ्याच्या डाव्या कोनाला बांधत जावे. चौथ्याचा कोन पहिल्याला मिळाला की कडे पूर्ण होते. आता वर राहिलेली चार टोके चार काड्यांनी एकमेकांना जोडली की वरचा चौकोन तयार होतो, खालची जोडली की खालचा. सोळा काड्या कड्याच्या आणि आठ जोडणीच्या, असा हिशेब पुरा होतो. हातात जे येते त्याला सहा चौकोन आणि आठ समभुज त्रिकोण अशा चौदा बाजू असतात. त्रिकोण वेगळे बांधावे लागत नाहीत, ते चौकोनांच्या मधल्या जागांत आपोआप उमटतात. पहिल्यांदा कंदील करणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर हे त्रिकोण दिसताच जे आश्चर्य उमटते, ते भूमितीच्या तासाला क्वचितच पाहायला मिळते. २० सेंमी.च्या मापाने केलेल्या या कंदिलाची उंची सुमारे २८ सेंमी. भरते, कारण ती चौकोनाच्या कर्णाइतकी असते.

चौकोन बांधताना घाई केली की सगळा कंदील तिरका होतो. चारही बाजू सारख्या असल्या तरी चौकोन कलू शकतो. म्हणून प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण दोऱ्याने मोजून ते सारखे आहेत का ते पाहावे आणि मगच गाठीवर खळीचा थेंब सोडावा. थेंब वाळला की गाठ सरकत नाही. एवढे करूनही रिकामा सांगाडा हातात थोडा मुरगळतो आणि नवखा माणूस आपले चुकले असे समजतो. ते चुकलेले नसते. नुसत्या काड्यांचा हा आकार हलताच असतो. त्याला खरा ताठपणा कागदाने येतो. खळीने ओलावलेला कागद वाळताना आकसतो, चौकोनांवर ताणला जातो आणि काड्यांना जागच्या जागी धरून ठेवतो. टिचकी मारली तर लहानशा डफासारखा आवाज येतो.

कागद पतंगी घ्यावा. घोटीव किंवा जाड कागद चमकतो, पण दिवा लावल्यावर काळपट दिसतो. पांढरा, पिवळा, नारिंगी व फिकट गुलाबी या कागदांतून उजेड चांगला येतो. गडद निळा आणि जांभळा उजेड गिळतात, म्हणून त्यांना त्रिकोणांच्या लहान जागा द्याव्यात. वरचा व खालचा चौकोन हवेसाठी आणि दिव्यासाठी उघडा ठेवायचा असल्याने चार चौकोन व आठ त्रिकोण असे बारा तुकडे लागतात. ते सर्व बाजूंनी सेंटिमीटरभर मोठे कापून खळ काडीला लावावी, कागदाला लावू नये. कागदाला लावली की तो भिजून हातात फाटतो. कडा आत दुमडल्यावर जोडांवर सोनेरी कागदाची पट्टी बसवतात, कोनांवर दुमडलेल्या कागदाच्या करंज्या लावतात आणि खालच्या चौकोनाला झिरमिळ्या चिकटवतात. झिरमिळ्यांसाठी पतंगी कागदाच्या चार-पाच घड्या घालून वरची दोन बोटे पट्टी सोडून उभे काप द्यायचे असतात. त्या केवळ शोभेच्या नाहीत : वाऱ्यात कंदील गरगर फिरू लागला की खालचे हे वजन त्याला थोडे आवरते. टांगताना दोऱ्या वरच्या चारही कोनांना सारख्या लांबीच्या बांधाव्यात.

कामट्या मिळत नसतील तेथे, विशेषतः शहरी घरांत आणि शाळांत, जुन्या लग्नपत्रिकांचा कंदील फार लोकप्रिय आहे. १० सेंमी. व्यासाची २० वर्तुळे कापून प्रत्येकात समभुज त्रिकोण आखायचा आणि त्याच्या रेघांवर तीन पाकळ्या बाहेरच्या बाजूला दुमडायच्या. पाकळीला पाकळी चिकटवत वर पाच, मध्ये दहा आणि खाली पाच अशी रचना केली की साधारण १६ सेंमी. उंचीचा वीस बाजूंचा गोलसर कंदील होतो. पत्रिकेचा कागद जाड असल्याने त्रिकोणांत आधीच कातरकाम करून आतून जिलेटीनचा रंगीत कागद लावावा लागतो, नाहीतर आतला दिवा दिसतच नाही.

दिव्याबरोबर कंदीलही बदलत गेला. पणती किंवा मेणबत्ती असेपर्यंत कंदील उंच, वरून मोकळा आणि जरा मोठा करावा लागे. तापणारे पिवळे बल्ब आल्यावर कागदाला आग लागण्याचे भय कमी झाले, पण बल्बजवळचा कागद काही दिवसांत तांबूस पडू लागला. एलईडी दिवा फारसा तापत नसल्याने आता लहान कंदीलही सुरक्षितपणे करता येतो. तरीही वायरचा जोड पट्टीने पूर्ण झाकणे आणि दिवा मधोमध राहील अशी आडवी काडी बसवणे आवश्यक आहे. या बदलात एक सुंदर गोष्ट मात्र मागे पडली. फिरत्या कंदिलात आतल्या कागदी नळकांड्यावर चित्रे कापून चिकटवलेली असत आणि वर कागदाची चक्री असे; ज्योतीने तापलेली हवा वर चढताना चक्रीला फिरवी आणि बाहेरच्या कागदावर हत्ती-घोड्यांच्या सावल्या एकामागून एक चालत जात. एलईडीच्या दिव्यावर ही चक्री फिरत नाही. असे खेळणे पुन्हा करायचे असेल तर थोडी उष्णता देणारा जुना बल्बच हवा.

मुंबईच्या चाळींत, गिरगाव-दादर भागात, सामाईक गॅलरीमुळे कंदिलाला सार्वजनिक रूप आले. काही चाळींत सर्व बिऱ्हाडे एकाच आकाराचे व रंगाचे कंदील लावतात आणि मधोमध सर्वांनी मिळून केलेला एक मोठा कंदील असतो. त्याभोवती माळेने टांगलेल्या लहान कंदिलांना फराळे म्हणतात. माहीममधील ‘कंदील गल्ली’ दिवाळीपूर्वी हातांनी केलेल्या कंदिलांनी भरून जाते. पुण्यात हा बाजार मंडई आणि तुळशीबागेच्या परिसरात भरतो. गोव्यात आकाशकंदिलांच्या स्पर्धा होतात, आणि तेथे दिवाळीनंतर दीड-दोन महिन्यांनी, नाताळात, ख्रिस्ती घरांवर काड्या व कागदाचे तारे झळकू लागतात. वसईतही तसेच. सण वेगळे असले तरी काडी, दोरा आणि कागद यांची हातोटी तीच आहे. परदेशातील मराठी मंडळे मुलांसाठी कंदिलाच्या कार्यशाळा घेतात. तेथे कामट्यांच्या जागी स्वयंपाकातील बांबूच्या सळ्या वापरता येतात, आणि थंडीमुळे कंदील बाहेर न लावता खिडकीच्या आत टांगावा लागतो.

घडीचे प्लास्टिकचे कंदील स्वस्त व पावसात टिकणारे असल्याने गेल्या काही दशकांत त्यांनी बाजार व्यापला. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीच्या वस्तूंवर बंदी आल्यानंतर कागद, कापड आणि बांबू यांच्याकडे पुन्हा लक्ष वळले, ही समाधानाची गोष्ट आहे. कागदी कंदिलाचा खरा शत्रू परतीचा पाऊस आहे. ढग दिसताच तो आत घ्यावा. भिजलाच तर कागद न ओढता सांगाड्यासकट सावलीत टांगून वाळू द्यावा. दिवाळी सरल्यावर झिरमिळ्या कापून, वायर काढून, सांगाडा जुन्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळून माळ्यावर ठेवावा. त्यावर दुसरे काही रचू नये, कारण एक काडी मोडली तर पुढच्या वर्षी तिच्या दोन्ही टोकांच्या गाठी सोडाव्या लागतात.