सौंदर्यप्रसाधनांतील परिरक्षकांचे मापन : एचपीएलसी पद्धत

क्रीम, लोशन, शाम्पू यांत पाणी असते, आणि पाणी आले की जीवाणू व बुरशीही येतात. त्यांना रोखण्यासाठी पॅराबेन, फिनॉक्सिइथेनॉल, बेंझोइक आम्ल, सॉर्बिक आम्ल, आयसोथायझोलिनोन अशी परिरक्षके घालतात. ती कमी पडली तर माल नासतो, जास्त झाली तर त्वचेला त्रास होऊ शकतो. त्यांचे प्रमाण ठरवण्याची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे उच्च कार्यक्षमता द्रव वर्णलेखन, प्रयोगशाळेतल्या बोलीत एचपीएलसी.

मापनासाठी सहसा सी-१८ कॉलम, म्हणजे बारीक कणांनी भरलेली नळी, वापरतात. त्यातील सिलिकाच्या कणांना अठरा कार्बनांच्या साखळ्या जोडलेल्या असतात. पाणी आणि मिथेनॉल किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल यांचे मिश्रण त्यातून दाबाने वाहते. रेणू जितका तेलकट वळणाचा, तितका तो कॉलममध्ये रेंगाळतो. म्हणून आधी मिथिल पॅराबेन बाहेर पडते, मग इथिल, प्रोपिल आणि शेवटी ब्युटिल. बेंझोइक व सॉर्बिक आम्लांसाठी वाहते द्रावण आम्लधर्मी ठेवावे लागते, नाहीतर ती आयनरूपात (विद्युतभारित) जाऊन फार लवकर निसटतात. बाहेर पडणारे संयुग अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून टिपले जाते. पॅराबेनचे शोषण २५६ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते, फिनॉक्सिइथेनॉलचे २७०च्या आसपास.

खरी कसोटी मात्र यंत्राच्या आधी लागते. क्रीममध्ये तेल, मेण, पायसीकारक (तेल-पाणी एकत्र धरणारे पदार्थ) आणि सुगंध एकजीव झालेले असतात. परिरक्षक त्यातून पूर्ण सुटले नाही, तर पुढचा आलेख कितीही सुबक आला तरी आकडा कमीच येतो. युरोपीय आयोगाने १९९६ मध्ये पॅराबेन व फिनॉक्सिइथेनॉलसाठी अधिकृत पद्धत दिली. तिच्यात नमुन्याला सल्फ्युरिक आम्ल घालून तो इथेनॉल-पाण्यात मिसळतात, मेद वितळावा म्हणून हलके तापवतात आणि मग गाळतात. अंतर्गत प्रमाणक म्हणून आयसोप्रोपिल पॅराबेन ठराविक मात्रेत घालतात, म्हणजे वाटेतली घट हिशेबात धरता येते. तेच संयुग मूळ नमुन्यात नाही ना, हे आधी तपासलेच पाहिजे. शिवाय नमुन्यात परिरक्षकाची माहीत असलेली मात्रा मुद्दाम मिसळून ती किती परत मिळते, हेही पाहतात. ही पायरी वगळलेल्या अहवालावर विसंबू नये.

आकडा हाती आल्यावर तो कायद्याच्या भाषेत बसवावा लागतो, आणि घोटाळा बहुधा इथे होतो. युरोपीय संघात एका पॅराबेनची मर्यादा ०.४ टक्के आहे, पण ती आम्लाच्या स्वरूपात मोजलेली. एचपीएलसी मात्र एस्टर, म्हणजे पॅरा-हायड्रॉक्सिबेंझोइक आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून झालेला पॅराबेनचा पूर्ण रेणू, मोजते. मिथिल पॅराबेनचा रेणुभार सुमारे १५२ आणि पॅरा-हायड्रॉक्सिबेंझोइक आम्लाचा १३८; म्हणून मोजलेल्या मिथिल पॅराबेनला ०.९१ने गुणतात. अहवालात ०.४३ टक्के दिसले तरी नमुना मर्यादेत बसतो. प्रोपिल व ब्युटिल यांची एकत्र मर्यादा २०१४च्या नियमानुसार ०.१४ टक्के आहे, तीही आम्लाच्या स्वरूपात. भारतात सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू आहेत. घटकांबाबत ते भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ४७०७ या मानकाचा आधार घेतात.

आयसोथायझोलिनोन गटातले मिथिलआयसोथायझोलिनोन मोजणे अधिक नाजूक. त्वचेवर अ‍ॅलर्जी होण्याचे प्रमाण वाढल्याने युरोपने त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांत त्याला बंदी घातली आणि धुवून टाकायच्या उत्पादनांत मर्यादा ०.००१५ टक्के, म्हणजे किलोमागे १५ मिलिग्रॅम ठेवली. इतक्या थोड्या प्रमाणात सुगंध किंवा वनस्पती-अर्कातील एखादे संयुग त्याच वेळी बाहेर आले तर चुकीचा निष्कर्ष निघतो, म्हणून वर्णपट दाखवणारा डायोड-अ‍ॅरे शोधक किंवा वस्तुमान वर्णपटमापक जोडतात.

डीएमडीएम हायडॅन्टोइनसारखी फॉर्मल्डिहाइड सोडणारी परिरक्षके आणखी त्रासाची. नमुना पातळ केला, तापवला किंवा त्याचा पीएच बदलला की मुक्त फॉर्मल्डिहाइडचे प्रमाणही बदलते; त्यामुळे मोजलेला आकडा उत्पादनातला किती आणि तपासणीत तयार झालेला किती, हे वेगळे करण्यासाठी नमुना किती वेळ, कोणत्या तापमानात आणि कोणत्या द्रावणात ठेवला याची नोंद आकड्याइतकीच महत्त्वाची असते.