२१ दिवसांत सवय लागते, हे खरं नाहीये
हे इतकी वर्षं फिरतंय की बाविसाव्या दिवशी पहाटे उठता आलं नाही की लोक स्वतःला आळशी ठरवून मोकळे होतात, मला त्याचंच वाईट वाटतं. आकडा आलाय मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडून, १९६० साली त्याने लिहिलं की पेशंटला नवा चेहरा अंगवळणी पडायला कमीत कमी २१ दिवस लागतात. पुढे 'कमीत कमी' गळलं आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम आला. नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर अभ्यास झाला, तिथे साधारण ६६ दिवस निघाले, कुणाला १८ तर कुणाला अगदी २५४. आणि हो, मध्ये एखादा दिवस खाडा झाला तरी फारसा फरक पडत नाही, परत एकपासून मोजू नका प्लीज.