डोळ्यांत थेंब झोंबतात तेव्हा

काचबिंदूच्या रुग्णाची खरी पंचाईत अशी, की आजार मुका असतो आणि औषध बोलके. डोळ्यातील दाबामुळे दृष्टीची नस वर्षानुवर्षे झिजत असते, कडेचे दिसणे कमी होत असते. पण दुखत नाही, खुपत नाही आणि समोरचे वर्तमानपत्रही वाचता येते. उलट, त्याच आजारासाठी दिलेले थेंब घालताच डोळा चरचरतो, लाल होतो आणि सकाळी भेटणारा प्रत्येक जण ‘डोळे आलेत का?’ असे विचारू लागतो. अशा वेळी रुग्ण कोणालाही न सांगता थेंब बंद करतो, चार दिवसांत डोळे निवळतात आणि आपण योग्यच केले, अशी त्याची खात्री पटते. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे सारखी वाटत असल्यामुळे ‘पुढे ऑपरेशन केले की दिसेलच’ हा समजही त्याच्या सोबतीला असतो. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही.

म्हणून थेंब सोसत नाहीत, या तक्रारीकडे किरकोळ कुरकुर म्हणून पाहणे चुकीचे आहे. डोळ्यातील दाब सर्वसाधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. स्वीडनमध्ये झालेल्या एका दीर्घ चाचणीत, दाब एका मिलिमीटरने उतरला तरी आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो, असे आढळले. थेंब सोडून देणे महागात पडते ते यामुळे. मात्र ‘सोसा थोडे’ हेही त्यावरचे उत्तर नव्हे, कारण नक्की काय सोसत नाही, हे पुष्कळदा शोधून काढता येते.

पहिला संशयित बाटलीत असतो, पण औषधाच्या नावात नसतो. एकच बाटली महिनाभर उघडझाप करून वापरायची, तर तिच्यात जंतू वाढू नयेत यासाठी प्रिझर्व्हेटिव्ह घालावे लागते. सर्वांत जास्त वापरले जाणारे प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे बेन्झाल्कोनियम क्लोराइड. हा पदार्थ साबणाच्या जातकुळीचा आहे. जंतूंची आवरणे तो फोडतो ती याच गुणामुळे. पण समोरची पेशी जंतूची आहे की आपली, हा भेद त्याला कळत नाही. अश्रूंच्या थरावर तेलाचा जो पातळ पापुद्रा असतो तो विस्कटतो, बुबुळावरच्या पेशींना इजा होते आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील अस्तरातल्या, चिकट स्राव तयार करणाऱ्या पेशी घटत जातात. काचबिंदूवरील लॅटानोप्रोस्ट या थेंबांच्या मूळ ब्रँडमध्ये याचे प्रमाण ०.०२ टक्के असते. आकडा नगण्य वाटतो, पण हे थेंब आठवडाभराचे नसून अनेकदा जन्मभराचे असतात. शिवाय एकाला दुसरी आणि दुसरीला तिसरी बाटली जोडली गेली, की दिवसाला पाच-सहा वेळा हा साबण डोळ्यात पडतो.

याची लक्षणे ओळखीची असतात. डोळ्यात वाळू गेल्यासारखे वाटते, वाचताना अक्षरे मधूनच पुसट होतात, पापणी मिटली की बरे वाटते आणि संध्याकाळी त्रास वाढतो. डोळ्यांतून पाणीही वाहते. कोरड्या डोळ्यातून पाणी कसे येईल, असा प्रश्न पडतो. पण पृष्ठभाग उघडा पडला की डोळा चिडून पाण्याचा लोंढा सोडतो आणि तेलाचा थर नसल्याने ते पाणी टिकत नाही. डॉक्टर फ्लुरेसीनचा पिवळा-केशरी रंग घालून निळ्या उजेडात डोळा पाहतात, तेव्हा जखमी पेशींच्या जागी हिरवे ठिपके चमकतात. रुग्णाच्या तक्रारीला मिळालेला हा डोळ्यांनी दिसणारा पुरावा असतो.

दुसरा संशयित म्हणजे प्रत्यक्ष औषध, आणि प्रत्येक औषधाची त्रास देण्याची तऱ्हा निराळी. डॉर्झोलामाइड किंचित आम्लधर्मी असल्यामुळे पडताक्षणी झोंबते आणि मागाहून घशाशी कडू चव आणते. त्याचे भावंड ब्रिन्झोलामाइड कमी झोंबते, पण ते दुधाळ असल्यामुळे थोडा वेळ धूसर दिसते. लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट या कुळातील थेंबांनी सुरुवातीला डोळे लाल होतात आणि ही लाली काही आठवड्यांत अनेकदा ओसरते. पुढे पापण्यांचे केस लांब व दाट होतात, पापणीची कातडी काळवंडते, क्वचित वरची पापणी खोल जाते. एकाच डोळ्यात थेंब असतील, तर हा फरक आरशात ठळक दिसतो. गंमत म्हणजे पापण्यांचे केस वाढण्याचा हाच ‘दुष्परिणाम’ पुढे अमेरिकेत सौंदर्योपचार म्हणून विकला गेला.

सर्वांत फसवे म्हणजे ब्रिमोनिडीन. त्याची ॲलर्जी बहुधा पहिल्या दिवशी दिसत नाही. कित्येक महिने सुरळीत गेल्यावर एकाएकी डोळे खाजू लागतात, लालबुंद होतात, पापण्यांवर खरूज उठल्यासारखी कातडी होते. ‘इतके दिवस तर चालत होते,’ या युक्तिवादाने रुग्ण त्याला निर्दोष ठरवतो आणि दोष नव्या साबणाला, परागकणांना किंवा मोबाइलला देतो.

तिसरा प्रकार डोळ्यात जाणवतच नाही, म्हणून तो डोळ्याच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही. एका थेंबात साधारण ३० ते ५० मायक्रोलिटर द्रव असतो, तर डोळ्यात जेमतेम ३० मावतो. उरलेला गालावर ओघळतो किंवा नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यातील बारीक छिद्रांतून नाकात उतरतो. नाकाच्या अस्तरातून औषध थेट रक्तात जाते. गोळीप्रमाणे त्याला आधी यकृताची चाळणी लागत नाही. टिमोलॉल १९७८ साली अमेरिकेत मान्य झाले आणि आजही ते स्वस्त व गुणकारी औषध आहे, पण दमेकऱ्याचा श्वास ते कोंडू शकते, नाडी मंद करू शकते आणि मधुमेहींमध्ये साखर उतरल्यावर होणारी धडधड झाकून टाकू शकते. जिना चढताना धाप लागते म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे गेलेला रुग्ण सगळ्या गोळ्यांची नावे सांगतो. डोळ्यांचे थेंब हे त्याच्या लेखी औषधच नसते.

माझी आई थेंब घालत असे तेव्हा मी पाहत असे. मान मागे, बाटली वीतभर वर, एक थेंब नाकावर, दुसरा डोळ्यात, ‘कमी पडायला नको’ म्हणून तिसरा, आणि लगेच डोळे मिचकावून पदराने सगळे पुसणे. यात औषध वाया जाण्याची आणि त्रास वाढण्याची जवळपास सर्व साधने एकत्र आली होती. खालची पापणी ओढून तिच्या खोबणीत एकच थेंब सोडावा, डोळा हळुवार मिटावा आणि नाकालगतचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटे दाबून धरावा; अशा दाबण्याने रक्तात जाणारे टिमोलॉल निम्म्याहून अधिक घटते, असे प्रयोगांत दिसले आहे. पापणीवर ओघळलेला द्रव तेवढा टिपून घ्यावा, म्हणजे कातडी काळवंडणे व खाजणे कमी होते. दोन वेगळ्या थेंबांमध्ये निदान पाच मिनिटे जाऊ द्यावीत. लॅटानोप्रोस्टच्या बहुतेक बाटल्या न उघडता फ्रिजमध्ये ठेवायच्या असतात आणि उघडल्यावर २५ अंशांपर्यंत चालतात. विदर्भातल्या मे महिन्यात कोणत्या कपाटात २५ अंश असतात, हे ज्याचे त्याने ठरवावे.

इतके करूनही त्रास राहिला, तर बदल डॉक्टरांनी करायचा असतो आणि त्यासाठी त्यांच्याकडे पर्याय असतात. दोन औषधांची एकत्रित बाटली दिली, की प्रिझर्व्हेटिव्हचा मारा कमी होतो. बेन्झाल्कोनियमऐवजी सौम्य प्रिझर्व्हेटिव्ह असलेले किंवा अजिबात प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब मिळतात. नंतरचे एकेका वेळेच्या इवल्या प्लॅस्टिक कुप्यांत किंवा जंतू आत येऊ न देणाऱ्या खास झडपेच्या बाटलीत येतात. ते महाग पडतात, म्हणून उघडलेली कुपी काही जण दुसऱ्या दिवसासाठी जपून ठेवतात. त्यात जंतुनाशक नाही म्हणून तर ती एकदाच वापरायची असते! गुन्हेगार कोणता ते कळत नसेल, तर डॉक्टर एकेक थेंब क्रमाने थांबवून पाहतात. दाब मोजत राहून हे करायचे असल्याने तो प्रयोग घरी करण्याजोगा नाही. गुलाबपाणी, मध किंवा एरंडेल यांना या यादीत जागा नाही.

थेंबांशिवायचा मार्गही आता मागच्या दाराने येत नाही. ब्रिटनमध्ये नव्याने निदान झालेल्या ७१८ रुग्णांवर ‘लाइट’ नावाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. डोळ्याच्या आतले पाणी (अश्रू नव्हे) जिथून बाहेर झिरपते त्या जाळीवर सौम्य लेझर देण्यापासून ज्यांचे उपचार सुरू झाले, त्यांच्यापैकी सुमारे ७४ टक्के रुग्णांना तीन वर्षांनंतरही दाब ताब्यात ठेवण्यासाठी थेंबांची गरज नव्हती. हा लेझर काही मिनिटांचे काम असते. त्याचा परिणाम कालांतराने ओसरतो, पण तो पुन्हा देता येतो. हे पाणी बाहेर पडण्याचा कोन अरुंद असलेल्या काचबिंदूत मात्र आधी वेगळा विचार करावा लागतो आणि आपल्याकडे तो प्रकार दुर्मीळ नाही.

शस्त्रक्रियेची वेळ आली, तरी थेंबांचा हिशेब संपत नाही. पाण्याला नवी वाट करून देणाऱ्या शस्त्रक्रियेचे यश डोळ्याच्या अस्तरात व्रण किती धरतो यावर अवलंबून असते, आणि वर्षानुवर्षे प्रिझर्व्हेटिव्हने चिडलेल्या अस्तरात व्रण जास्त धरतो. आज लाल झालेल्या डोळ्याची तक्रार डॉक्टरांच्या कागदावर आजच उतरायला हवी, ती याही कारणासाठी.