चपट्या लेन्समागचे गणित

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, तेव्हा महाल-इतवारीच्या गल्ल्यांत कॅमेरा घेऊन शिरणाऱ्याला खांद्याला खांदा घासतच पुढे सरकावे लागते. लांबलचक झूम लेन्स तिथे कुणाच्या तरी कोपरावर आपटते, आणि ती रोखली की समोरचा माणूस सावरून उभा राहतो व हवा असलेला चेहरा हरवतो. अशा गर्दीत जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीची 'पॅनकेक' लेन्स सोयीची पडते. पॅनकेक म्हणजे आपले धिरडेच, आणि नाव अगदी चपखल आहे. मात्र हा चपटेपणा हौसेतून आलेला नसून भूमितीतून आलेला आहे.

35 मिमी फिल्मच्या 24 × 36 मिमी चौकटीचा कर्ण सुमारे 43 मिमी भरतो. एसएलआर, म्हणजे आरशातून लेन्समधलेच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात आरसा वर उचलला जाण्यासाठी जागा लागते, त्यामुळे फिल्म आणि लेन्स जिथे बसते ते माउंट यांत बरेच अंतर ठेवावे लागते: निकॉनमध्ये 46.5 मिमी, पेन्टॅक्समध्ये सुमारे 45.5 मिमी, कॅननच्या ईएफ माउंटमध्ये 44 मिमी. नाभीय अंतर म्हणजे दूरचे दृश्य स्पष्ट उमटवण्यासाठी भिंग फिल्मपासून जेवढे दूर हवे ते अंतर, त्यामुळे 40 ते 45 मिमी नाभीय अंतराची साधी रचना माउंटच्या तोंडाशीच बसते. त्याहून कमी नाभीय अंतराच्या, रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सची भिंगे आरशाच्या वाटेत येऊ नयेत म्हणून रचना लांबवावी लागते, तर अधिक नाभीय अंतराची लेन्स स्वभावतःच पुढे सरकते. जुन्या चपट्या लेन्स याच आकड्यांभोवती का घोटाळतात, याचे उत्तर एवढेच आहे.

भिंगांची संख्या कमी ठेवण्याची युक्ती त्याहून जुनी आहे. झाइस या जर्मन कंपनीतील पॉल रुडॉल्फ यांनी 1902 मध्ये 'टेसार' रचना आणली, ज्यात चार भिंगे तीन गटांत बसवलेली होती. 1960च्या दशकाच्या अखेरीस निकॉनने याच चार भिंगांच्या घडणीवर 45 मिमीची 'जीएन' लेन्स काढली. तिच्यात फोकसचे कडे फिरवले की अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र) आपोआप बदलत असे: फ्लॅशचा गाइड क्रमांक, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, 20 असेल, तर त्याला अंतराने भागून पाच मीटरवर एफ/4 आणि अडीच मीटरवर एफ/8 (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). म्हणजे हिचा चपटेपणा दुय्यम होता. ती मुळात फ्लॅशवाल्यांसाठी होती.

चपटेपणा हाच गुण म्हणून पुढे आला तो लहान एसएलआरच्या चढाओढीत. पेन्टॅक्सने 1976 मध्ये आणलेली 40 मिमी एफ/2.8 लेन्स 18 मिमी जाडीची आणि 110 ग्रॅमची होती. तरीही 50 मिमी एफ/1.7 समोर असताना एफ/2.8 ला तोटा होताच, कारण व्ह्यूफाइंडर मंद दिसे आणि संध्याकाळी हात लवकर आखडता घ्यावा लागे. पुढे झूम आल्या आणि हा प्रकार मागे पडला.

2012 मध्ये कॅननने 22.8 मिमी जाडीची 40 मिमी एफ/2.8 लेन्स आणली, तर पेन्टॅक्सने तेवढ्याच नाभीय अंतराची लेन्स 9.2 मिमीवर नेली. लहान सेन्सरच्या कॅननवर मात्र 40 मिमीची नजर 64 मिमीएवढी अरुंद होते, आणि इतवारीतल्या गल्लीत पाठ भिंतीला लागली तरी मारबत चौकटीत मावत नाही. ही अडचण 2014 च्या 24 मिमी लेन्सने सोडवली. सेन्सर लहान असल्याने तीही 22.8 मिमीतच बसवता आली.

तडजोडी टळल्या नाहीत. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडले की कोपरे काळवंडतात, फोकसचे कडे बोटाला नीट सापडत नाही, आणि 2009 मधील पॅनासॉनिकची 20 मिमी एफ/1.7 ही लाडकी लेन्स फोकस करताना सगळा भिंगांचा संच हलवते, म्हणून ती सावकाश चालते.

आरसा गेल्यावर सगळ्या लेन्स धिरड्यासारख्या होतील, असे वाटणे साहजिक होते, पण गणित उलटले. कॅननच्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या आरएफ माउंटमध्ये सेन्सर आणि माउंटमधील अंतर 20 मिमीवर आले, त्यामुळे ईएफची 40 मिमी त्यावर लावायची तर 24 मिमीचा अडॅप्टर मध्ये येतो आणि 22.8 ची लेन्स बाहेरून 46.8 मिमीची होते. अंतर घटल्याने माउंटच्या तोंडाशी आता 40 हून कमी नाभीय अंतर बसते, म्हणूनच 2023 मध्ये आलेल्या नव्या चपट्या लेन्स 40 च्या नाहीत: निकॉनची 26 मिमीची आहे आणि कॅननची 28 मिमीची.