कावा: शेवटच्या घोटापासून पहिल्या घासापर्यंत

स्पेनच्या कावा या फसफसणाऱ्या वाइनबरोबर काय खावं, याच्या याद्या आता सहज मिळतात: तळलेली मासळी, अँकोव्ही हे खारवलेले छोटे मासे, हामोन म्हणजे मुरवलेलं डुकराचं मांस, भाजलेले बदाम. जुन्या कॅटलन घरांत मात्र ही बाटली बहुधा जेवण आटोपल्यावर, गोडाबरोबर उघडायची. शेवटच्या घोटाची ही वाइन जेवणात पुढे सरकली ती मुख्यतः साखरेमुळे, म्हणजे साखर कमी होत गेल्यामुळे.

बार्सिलोनाजवळच्या पेनेदेस भागात सान सादुर्नी द'आनोया नावाचं गाव आहे. तिथल्या कोडोर्निऊ घराण्यातल्या जुझेप रवेंतोस यांनी 1872 मध्ये शॅम्पेनच्या पद्धतीने वाइन केली. बाटलीत यीस्ट आणि साखर घालून दुसऱ्यांदा आंबवायचं, उरलेल्या यीस्टच्या गाळावर मुरू द्यायचं, मग गाळ काढून बूच बसवायचं, अशी ती पद्धत. (आपल्याकडे नाशिकजवळ दिंडोरीत शांदोंची स्पार्कलिंग वाइन याच पद्धतीने झाली.) पुढे 1887 च्या सुमारास फायलोक्सेरा ही मुळं पोखरणारी कीड पेनेदेसमध्ये पोहोचली आणि द्राक्षबागा उजाड झाल्या. या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी खुंटांवर कलमं करून नव्या बागा उभारताना काळ्या द्राक्षांच्या जागी मोठ्या प्रमाणावर पांढरी द्राक्षं आली, कारण फसफसणाऱ्या वाइनला आता गिऱ्हाईक होतं. माकाबेओ, शारेलो आणि पारेयादा हे कावाचं त्रिकूट असं पक्कं झालं. माकाबेओ फुलांचा, सफरचंदाचा वास देते, पारेयादा नाजूकपणा. अंग आणि आंबटपणा मात्र शारेलोचा, आणि माझ्या मते कावाची खरी ओळखही तिचीच.

एकोणिसाव्या शतकात फसफसणारी वाइन बहुतेक ठिकाणी गोडच आवडे. गाळ काढल्यावर बाटली भरून काढताना वाइनमध्ये साखर विरघळवून घालत. फ्रान्सच्या थंड शॅम्पेन प्रांतात आंबटपणा फार तीव्र, त्यामुळे तिथे साखरेला कारण होतं. उबदार पेनेदेसमध्ये द्राक्षं नीट पिकतात, साखरेची तेवढी गरज नसते. तरी सवय राहिली, आणि साखर साधारण वाइनचे दोषही झाकते. नाताळात तुरोन ही बदामाची वडी आणि नेउलेस नावाच्या कुरकुरीत नळ्या कावात बुडवून खायची प्रथा याच गोड बाटलीवर वाढली.

नावाचं भांडण वेगळंच: शॅम्पेन हे नाव आपल्याच प्रांताचं, असं फ्रेंच उत्पादकांचं म्हणणं. 1960 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने ‘स्पॅनिश शॅम्पेन’ या नावाने विक्री करायला मनाई केली. कावा हे नाव स्थिरावत गेलं आणि 1986 मध्ये स्पेन युरोपीय समुदायात गेल्यावर त्याला तिथल्या कायद्याचं संरक्षण मिळालं. त्याआधीच, सत्तरच्या दशकात, बाटल्या हळूहळू फिरवून गाळ बुचाशी आणण्याचं हातांचं काम यंत्रांकडे गेलं होतं. उत्पादन वाढलं, किंमत उतरली, फ्रेशनेट या कावा कंपनीची काळी बाटली जगभर पोहोचली. कावा खपली खूप. पण ‘स्वस्तातली शॅम्पेन’ हा शिक्काही तेव्हाच बसला आणि त्याने तिचं नुकसान केलं.

दुसरीकडे काही घराणी साखर कमी करत, वाइन जास्त मुरवत गेली. आज साध्या कावाला गाळावर किमान 9 महिने लागतात, रिझर्व्हा या जास्त मुरलेल्या दर्जाला 18 (पूर्वी 15), त्यावरच्या ग्रान रिझर्व्हाला 30. ब्रूट नातूरे या सर्वांत कोरड्या, म्हणजे अगोड, प्रकारात वरून साखर घालत नाहीत. लिटरमागे 3 ग्रॅमपेक्षा कमी साखर उरते. मुरलेल्या बाटलीत पावाचा, भाजलेल्या काजू-बदामांचा वास येतो. ती बर्फासारखी थंड प्यायली तर तो वास हरवतो. 8 ते 10 अंश पुरे, आणि ग्लास उंच-अरुंद नको, ट्युलिपसारखा पोटाकडे रुंद हवा.

साखर गेली म्हणून जेवण आलं. आंबटपणा आणि बुडबुडे तळणाचं तेल जिभेवरून पुसून टाकतात, मीठ आंबटपणाला गोलाई देतं. पेनेदेसचं शातो हे सॅलड, म्हणजे कडसर पानं, खारवलेला कॉड, अँकोव्ही आणि बदाम-मिरचीची घट्ट चटणी, कोरड्या कावाबरोबर फार जमतं. हिवाळ्यात जाळावर भाजलेल्या काल्सोत कांद्यांनाही रिझर्व्हाची साथ चालते. तुरोनबरोबर मात्र ब्रूट नातूरे उघडू नये; गोडाशेजारी ती नुसती आंबट लागते. तिथे आजीच्या काळची दुल्से (गोड) किंवा सेमी सेको (मध्यम गोड) बाटलीच बरोबर होती.

दर्जावरून वाद अजून मिटलेला नाही. 2019 मध्ये पेनेदेसमधल्या काही नामवंत उत्पादकांनी कावाची नोंदणी सोडून कॉर्पिनात या नावाखाली वाइन विकायला सुरुवात केली: सेंद्रिय द्राक्षं, हाताने तोडणी, किमान 18 महिने मुरवण. त्यामुळे तिथली चांगली बाटली शोधताना लेबलावर कावा हा शब्द दिसेलच असं नाही. गाळ काढल्याची तारीख छापलेली असेल, तर ती आधी पाहावी.