वस्त्रवाचक नामांचे वचन

मराठीत कपड्यांची आणि पायताणांची नावे एकवचनात व अनेकवचनात कशी चालतात, याचा हा विषय. अनेकवचन ठरते ते नामाच्या लिंगावर आणि अंत्य स्वरावर. पोशाखात तिन्ही लिंगे नांदत असल्यामुळे एका कपाटात व्याकरणाचे बहुतेक नियम सापडतात.

सदरा-सदरे, फेटा-फेटे, साडी-साड्या, टोपी-टोप्या ही सरळ रूपे. शर्ट, कोट, परकर, रुमाल, शालू बदलतच नाहीत. ‘शर्ट फाटला’ की ‘शर्ट फाटले’ हे क्रियापदच सांगते.

खरी गंमत नपुंसकलिंगात आहे. ‘धोतर’चे अनेकवचन ‘धोतरे’, पण ‘लुगडे’ हे एकच लुगडे; त्याचे अनेकवचन ‘लुगडी’. म्हणजे शेवटचा ‘ए’ एका शब्दात पुष्कळ दाखवतो, दुसऱ्यात एक. बोलण्यातही तेच: ‘धोतरं’ अनेक, ‘उपरणं’ एक. शिवाय ‘लुगडी’, ‘उपरणी’, ‘टोपडी’, ‘झबली’ ही रूपे स्त्रीलिंगी एकवचनासारखी दिसतात. ‘जुनी साडी फाटली’ आणि ‘जुनी लुगडी फाटली’ या वाक्यांत विशेषण व क्रियापद तेच राहते. ‘आहे’ किंवा ‘आहेत’ आल्यावरच फरक उघड होतो. मराठी नव्याने शिकणाऱ्याला हे आवर्जून दाखवायला हवे.

दोन पायांच्या कपड्याला मराठी एकच वस्तू मानते. विजार, चोळणा, लेंगा, चड्डी, पँट ही सारी एकवचनी. ‘पायजमा’ हा फारसी ‘पाय’ आणि ‘जामा’ (वस्त्र) यांतून आलेला शब्द. हिंदुस्थानातून तो इंग्रजीत गेला आणि तिथे अनेकवचनी झाला, कारण तिथे अशा कपड्यांची नावे अनेकवचनातच चालतात. मराठीत मात्र सुटे होणारे तेवढेच अनेक: मोजे, हातमोजे, बूट, चपला. म्हणून एक हरवला तर ‘मोजा सापडत नाही’ असे सहज म्हणता येते.

संस्कृतात जोडीसाठी द्विवचन होते आणि पायताणांच्या जोडीला ‘उपानहौ’ म्हणत. त्याच ‘उपानह्’पासून आपली ‘वहाण’ आली. द्विवचन प्राकृतातच लोपले आणि ‘वहाणा’ हे साधे अनेकवचन उरले. जोडी सांगायचे काम मग वेगळे शब्द करू लागले. नव्या कपड्यांचे दोन ‘जोड’ शिवतात. धोतरे जोडीने विकली जात म्हणून ‘धोतरजोडी’, आणि तिच्यातले एक धोतर म्हणजे ‘पान’. ‘जोडा’ मात्र दुहेरी आहे: तो दोन्ही पायांचा मिळून एक, किंवा एका पायातला एक. नेमका कोणता, हे संदर्भावरून ओळखायचे.

‘कपडा’ आणि ‘कपडे’ यांत नुसता संख्येचा फरक नाही. ‘कपडे घाल’ म्हणजे पोशाख चढव; ‘कपडा मार’ म्हणजे फडक्याने पूस. ‘अंगावर कपडा नाही’ अशा नकारात मात्र एकवचन पुन्हा वस्त्राच्या अर्थाने येते. ‘कापड’ मीटरवर मोजले जाते.

इंग्रजीतून आलेल्या शब्दांत बहुवचनाचा ‘स’ कधी मुळातच मुरतो. ‘नवी जीन्स घेतली’ हे निखळ स्त्रीलिंगी एकवचन आहे. ‘शूज’ आणि ‘सॉक्स’ अजून अनेकवचनी चालतात, तरी ‘माझा एक शूज कुठंय?’ हे घराघरांत ऐकू येते.