परसातली कार्ने असादा : गुरं, गहू आणि मेस्किट

मेक्सिकन जेवणाचा विषय निघाला की लिहिणारे थेट आझ्टेकांपाशी जाऊन थांबतात. पण रविवारी दुपारी उत्तर मेक्सिकोतल्या मॉन्तेरे किंवा एर्मोसियोच्या परसात कार्ने असादासाठी, म्हणजे निखाऱ्यावर भाजायच्या गोमांसासाठी, जाळी तापते, तेव्हा तिच्यावरचं गोमांस, कडेचा पातीचा कांदा, वर पिळायचं लिंबू, गव्हाची तोर्तिया (पातळ पोळी) यांतलं काहीच आझ्टेकांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या काळापासून चालत आलेल्या वस्तू म्हणजे मिरची, टोमॅटो, अवाकाडो आणि मोल्काहेते हा तीन पायांचा दगडी खल. खड्ड्यात मांस शिजवायची जुनी रीत मध्य मेक्सिकोत, विशेषतः इदाल्गो राज्यात टिकली. तिथे घायपाताच्या कुळातल्या रुंद पानांत मेंढीचं मांस गुंडाळून रात्रभर खड्ड्यात पुरतात, ती बार्बाकोआ. कार्ने असादाचं घराणं वेगळं, उत्तरेच्या कोरड्या गुरचराईच्या मुलखातलं.

कोलंबसाच्या १४९३च्या दुसऱ्या सफरीत गुरं कॅरिबियन बेटांवर उतरली आणि १५२०च्या दशकात मेक्सिकोत पोचली. १५४६मध्ये साकातेकासला चांदी सापडली, तशी खाणींच्या मागोमाग गुरं उत्तरेला सरकली, कारण खाणीला मांसाइतकंच चामडं आणि मेणबत्त्यांसाठी चरबीही लागे. मॉन्तेरेची स्थापना १५९६ची. वायव्येच्या सोनोरात १६८७पासून एउसेबियो किनो या जेझुइट पाद्र्याने मिशनं उभारली आणि गुरांबरोबर गहूही नेला. पाऊस कमी असलेल्या त्या मुलखात हिवाळी गहू चांगला रुजला. (भारतात १९६०च्या दशकात आलेल्या 'सोनोरा ६४' या बुटक्या गव्हाचं नाव याच राज्यावरून.)

म्हणून उत्तरेच्या कार्ने असादाला गव्हाची तोर्तिया हवीच. ५०० ग्रॅम मैद्याला १०० ते १२० ग्रॅम डुकराची चरबी, १० ग्रॅम मीठ आणि साधारण पाव लिटर गरम पाणी. ४५ ग्रॅमचे गोळे करून अर्धा तास झाकून ठेवायचे. हा अर्धा तास चुकवला की लाटलेली तोर्तिया तव्यावर जाईपर्यंत पुन्हा आक्रसते. तवा कडक तापलेला हवा. एका बाजूला ३० ते ४० सेकंद पुरेत. मंद तव्यावर ती वाळून पापडासारखी होते.

सरपण मेस्किटचं. आपल्याकडची वेडी बाभूळ याच गोतातली. लाकूड जड, निखारा प्रखर आणि टिकाऊ. पण ओलसर लाकडाच्या धुराने मांस कडवट होतं, म्हणून बहुतेक घरी कोळसाच वापरतात. दहा-बारा माणसांना चार किलो पुरतो. पेटवल्यावर ३५ ते ४० मिनिटांनी निखाऱ्यावर राखेचा पांढरा थर येतो. त्याआधी मांस टाकायचं नाही. ज्वाळेवर ते बाहेरून काळं आणि आतून कच्चं राहतं, आणि रॉकेल शिंपडून पेटवलं असेल तर तो वास शेवटपर्यंत जात नाही. उभं चिरलेलं लोखंडी पिंप ही तिथली नेहमीची शेगडी. पिंप नवं असेल तर आतला रंग एकदा रिकाम्या आगीत जाळून घ्यावा. जाळी जस्ताचा मुलामा दिलेली नसावी; तापल्यावर तिचा धूर घातक असतो.

चराऊ रानात वाढलेल्या गुराचं मांस चिवट, म्हणून काप पातळ, एक ते दीड सेंटिमीटरचे. आजही खाटीक तसेच कापून देतो. एके काळी गुरं कापली की ताजं मांस त्याच दिवशी भाजत आणि उरलेलं मीठ लावून वाळवत, तीच माचाका. आठवड्याला पाहुणे बोलावून भाजायची चाल मात्र शहरी आणि विसाव्या शतकातली. घरोघरी फ्रीज आल्यावर आणि मॉन्तेरेत १८९०पासून चालत आलेल्या बिअर उद्योगाच्या जोडीने ती फोफावली. आर्राचेरा, म्हणजे पोटाच्या पडद्याचा स्नायू, हा टेक्सासच्या दक्षिणेकडच्या रँचांवर गुराख्यांना मजुरीत मिळणारा टाकाऊ तुकडा होता. आता तोच महाग आहे.

माणशी ३५० ते ४०० ग्रॅम कच्चं मांस धरावं. ते अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढायचं. तापलेल्या जाळीवर काट्याला टोचलेला अर्धा कांदा घासला की जुनं जळकं निघतं आणि मांस चिकटत नाही. जाडं मीठ ऐनवेळी लावायचं. एका बाजूने तीन-चार मिनिटं, वर रस तरळला की एकदाच उलटायचं, दुसऱ्या बाजूला दोन-तीन. चरबी ठिबकून भडका उडाला तर पाणी मारायचं नाही, राख उडून मांसावर बसते. तुकडा विझत्या निखाऱ्यांच्या बाजूला सरकवावा, म्हणून ती बाजू आधीच मोकळी ठेवतात. उतरवल्यावर पाच मिनिटं थांबून धाग्यांना आडवं चिरावं. आर्राचेरा धाग्यांच्या दिशेने चिरला तर कितीही चांगला भाजलेला असो, चावत बसावं लागतं.

मुरवण्यावरून दोन पक्ष आहेत. सोनोरातले जुने लोक मिठापलीकडे काही लावत नाहीत आणि तिखटाला चिल्तेपीन ही वाटाण्याएवढी रानमिरची मोल्काहेतेत भाजलेल्या टोमॅटोबरोबर चेचतात. मॉन्तेरेकडे लिंबू, बिअर, लसूण चालतं. आमचा कौल मिठाला. लिंबू लावायचंच तर तासाभरापेक्षा जास्त नको. रात्रभर ठेवलेलं मांस वरून पिठूळ होतं आणि जाळीवर रंगही धरत नाही.